क्रिएटर ‘नो कॉमेंट’ म्हणतो तेव्हा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत बसणार नाही. एक ॲनिमेटेड सुपरहिरो मालिका तुम्ही तीन वर्षं मनापासून पाहताय. तिच्या क्रिएटरशी, म्हणजे मालिकेची कल्पना मांडून ती घडवणाऱ्या माणसाशी, चाहत्यांची प्रश्नोत्तरं झाली. दुसऱ्या सीझनच्या मध्यावर गायब झालेल्या एका दुय्यम पात्राचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचारलंत आणि त्याला परत कसं आणता येईल याची बारा पानी कथाही सोबत पाठवलीत. उत्तर आलं ते एवढंच: ‘नो कॉमेंट. आणि कृपया कथा पाठवू नका, मी वाचत नाही.’ तुम्ही लिहिता, “इतकं तोडून बोलायचं होतं तर चाहत्यांसमोर बसायचंच कशाला? हे लोक आमचं खरंच ऐकतात की नुसता देखावा?”

मी दुसऱ्या बाजूची आहे. गेली सतरा वर्षं ॲनिमेशन मालिकांसाठी लिहिते, त्यातली नऊ स्टोरी एडिटर म्हणून. स्टोरी एडिटर म्हणजे वेगवेगळ्या लेखकांनी लिहिलेले भाग एकाच मालिकेचे वाटावेत हे बघणारी, आणि तसे वाटले नाहीत तर जिच्या नावाने सगळे खडे फोडतात ती व्यक्ती. यातल्या दोन मालिका सुपरहिरोंच्या होत्या आणि दोन्हींच्या चाहत्यांसमोर मी बसले आहे. ‘नो कॉमेंट’ मीही म्हटलंय. तेव्हा मी क्रिएटरची थोडी बाजू घेणार हे गृहीत धरूनच पुढे वाचा.

तुमचा राग उत्तर मिळालं नाही याचा आहे, असं तुम्ही म्हणता. मला तसं वाटत नाही. तुम्ही एका पत्रात दोन वेगळ्या गोष्टी मागितल्यात. एक, पुढे काय होणार ते सांगा. दोन, माझी कथा घ्या. या दोन्ही गोष्टी देणं त्या माणसाच्या हातातच नव्हतं. तिसरी एक गोष्ट होती, जी त्याने कदाचित आनंदाने दिली असती, आणि ती तुम्ही मागितलीच नाहीत. तिच्याकडे येतेच.

आधी ‘पुढे काय’चं बघू. भाग पडद्यावर आला की प्रेक्षकाला तो ताजा वाटतो. आमच्यासाठी तो जुना झालेला असतो. एका पानाच्या कल्पनेपासून सुरुवात होते, मग आराखडा, मग पटकथा, तिचे तीन-चार खर्डे. मग आवाज. बाहेरच्यांना नेहमी आश्चर्य वाटतं, पण बहुतेक ठिकाणी आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्रं नंतर, कारण ओठांची हालचाल आवाजावर बेतायची असते. मग स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची कच्ची चित्रं, त्याला आवाज लावून ॲनिमॅटिक, आणि ते पक्कं झालं की सगळं सामान ॲनिमेशन स्टुडिओकडे जातं. अमेरिकी सुपरहिरो मालिकांचं हे काम गेली कित्येक वर्षं मोठ्या प्रमाणात दक्षिण कोरियात होतं, पूर्वी जपानमध्येही व्हायचं. तिकडून रंगीत भाग परत आला की चुकांची यादी, रिटेक (चुकलेले शॉट पुन्हा करून घेणं), संगीत, मिक्सिंग. बावीस मिनिटांच्या एका भागाला दहा महिने ते वर्ष सहज जातं, आणि एका वेळी असे दहा-बारा भाग वेगवेगळ्या टप्प्यांवर अडकलेले असतात.

आता त्या माणसाच्या जागी बसून पाहा. तुम्ही ज्या पात्राबद्दल विचारताय, ते परत येणार असेल तर तो भाग बनून पडलेला आहे किंवा बनतोय. बोलायची बंदी करारातच असते. आणि परत येणार नसेल, किंवा पुढचा सीझन मंजूरच झालेला नसेल, तर? तेव्हाही तो गप्पच बसणार. कारण फक्त लपवायचं असतं तेव्हाच गप्प बसलं, तर गप्प बसणं हेच उत्तर होऊन जातं. म्हणून शहाणा क्रिएटर ‘हो’ असो, ‘नाही’ असो की ‘मलाच माहीत नाही’ असो, तिन्हींना एकच उत्तर देतो. तुम्ही त्यात तुसडेपणा वाचलात. तो बहुधा तिथे नव्हता.

‘यंग जस्टिस’चं उदाहरण घ्या. ब्रँडन व्हिएट्टी आणि ग्रेग वाइसमन यांची ही मालिका 2010 च्या नोव्हेंबरात सुरू झाली. पहिल्या सीझनच्या शेवटी कळतं, की जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या संघाचे सहा सदस्य दुसऱ्याच्या ताब्यात असताना सोळा तास कुठे होते याचा पत्ता नाही. सीझन तिथेच संपतो. दुसरा सीझन सुरू होतो तो थेट पाच वर्षांनी पुढे, आणि त्या सोळा तासांचा हिशेब तिथे मिळतो. मधल्या काळात कुणी ‘त्या सोळा तासांत काय झालं’ असं विचारलं असेल, तर त्याला ‘नो कॉमेंट’शिवाय काय मिळणार? आणि उत्तर देऊन टाकलं असतं, तर दुसऱ्या सीझनचा अर्धा कणाच मोडला असता.

पण याच मालिकेचा पुढचा भाग जास्त बोलका आहे. 2013 च्या मार्चमध्ये, एकूण 46 भागांनंतर, ती बंद झाली. कथा संपली म्हणून नाही, बरेच धागे तर तसेच लोंबकळत होते. वाइसमनने पुढे उघड सांगितलं, की मालिकेचा पैसा खेळण्यांच्या कंपनीशी झालेल्या करारातून येत होता, खेळणी खपली नाहीत, कंपनीने हात आखडता घेतला आणि मालिका थांबली. मग चाहते स्ट्रीमिंगवर जुने भाग पुन्हा पुन्हा पाहत राहिले, 2016 च्या नोव्हेंबरात तिसऱ्या सीझनची घोषणा झाली आणि तो आला 2019 च्या जानेवारीत. जवळजवळ सहा वर्षं! त्या सहा वर्षांत क्रिएटरला ‘अमुक पात्राचं काय झालं’ असं विचारलं, तर त्याला काय होणार आहे हे माहीत असलं तरी ते घडणार आहे की नाही हे ठाऊक नव्हतं. ‘मी पुढचं सगळं ठरवून ठेवलंय’ आणि ‘पुढचं होणार आहे’ यांतलं अंतर आमच्या धंद्यात फार मोठं असतं. चाहत्यांना ते दिसत नाही, कारण मालिकेवर नाव क्रिएटरचं असतं.

इथे शब्दाचाही थोडा घोळ आहे. मराठीत आपण क्रिएटरला ‘निर्माता’ म्हणून मोकळे होतो. निर्माता म्हटलं की डोळ्यांसमोर येतो पैसे घालणारा, हुकूम सोडणारा माणूस. क्रिएटर बऱ्याचदा पगारी असतो. पात्रं कॉमिकच्या प्रकाशकाची, पैसा चॅनेलचा, आणि तो मध्ये. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळसं यावर अवलंबून आहे, की तुमच्या मालिकेतली पात्रं कुणाच्या मालकीची आहेत. ‘इन्व्हिन्सिबल’सारखी मालिका असेल, जिथे मूळ कॉमिक रॉबर्ट कर्कमननेच लिहिलं आणि ते 144 अंकांत 2018 मध्ये संपलंसुद्धा, तर गप्पांचा सूरच वेगळा लागतो. शेवट कुठल्याही वाचकाला ठाऊक आहे, तेव्हा लोक ‘काय होणार’ विचारत नाहीत, ‘काय बदलणार’ विचारतात. तुम्ही मालिकेचं नाव सांगितलेलं नाही, तेव्हा तिथे काय परिस्थिती आहे ते तुम्हीच ताडून बघा.

मालकीचा मुद्दा तुमच्या गायब पात्रालाही लागू पडतो. पात्र दिसेनासं झालं की चाहते कारण कथेत शोधतात. मेलं का? फितूर झालं का? कारण बहुतेकदा कथेत नसतंच. ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’ 2004 ते 2006 या काळात चालली. त्याच सुमारास बॅटमनची स्वतंत्र ॲनिमेटेड मालिका सुरू झाली होती आणि नवा सिनेमाही आला होता, त्यामुळे बॅटमनचे खलनायक या मालिकेला जवळपास बंद झाले. बॅटमन होता, त्याचे शत्रू नव्हते. ‘स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन’मध्ये गुन्हेगारी जगाचा बादशहा म्हणून किंगपिन हा खलनायक हवा होता. त्याचे हक्क दुसरीकडे होते, म्हणून ती जागा टूमस्टोन या दुसऱ्या खलनायकाने घेतली. पाहणाऱ्याला ती लेखकांची कल्पकता वाटली, आणि होतीही, फक्त तिची सुरुवात हक्कांच्या अडचणीतून झाली होती.

आणि कधी कारण यापेक्षाही किरकोळ असतं. आमच्या एका मालिकेत नायिकेची मैत्रीण आठ भाग गर्दीत मागे उभी असायची, एक शब्द न बोलता. चाहत्यांनी सिद्धांत मांडला, की ती खलनायकाची हेर आहे, म्हणून गप्प असते. खरी गोष्ट अशी, की प्रत्येक भागाला किती आवाजांचे पैसे आहेत हे ठरलेलं होतं आणि त्या आठ भागांत पाहुणी पात्रं जास्त होती. मैत्रिणीला तोंड उघडायला लावलं की एका कलाकाराचं मानधन वाढणार. म्हणून ती मान डोलवायची. तुमच्या पात्राचं असंच काही झालं असेल असं मी म्हणत नाही. पण क्रिएटरने हे खरं कारण तुम्हाला सांगायचं म्हटलं, तर त्यात पैशांचे आकडे येतात, दुसऱ्या खात्याचा निर्णय येतो, कुणाचं तरी नाव येतं.

खरं बोलण्याची किंमत मोजलेला माणूस या क्षेत्रात सगळ्यांना आठवतो. ड्वेन मॅकडफी. ‘स्टॅटिक’ या पात्राच्या जन्मदात्यांपैकी एक, जस्टिस लीगच्या मालिकांचा लेखक आणि चाहत्यांना मोकळेपणाने उत्तरं देणारा माणूस. 2009 मध्ये तो जस्टिस लीगचं कॉमिक लिहीत होता. संपादकांच्या सूचनांमुळे कथेत काय काय बदलावं लागलं, हे त्याने चाहत्यांच्या प्रश्नांना उत्तर देताना सरळ सांगितलं. कुणीतरी ती उत्तरं गोळा करून छापली, आणि त्याच्याकडून ते कॉमिक काढून घेण्यात आलं. एकाही चाहत्याचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, त्याने सांगितलं, एवढंच झालं. तेव्हापासून प्रश्नोत्तरांना बसायच्या आधी आम्हाला एक कागद मिळतो, काय बोलायचं नाही याचा. तो दर वर्षी लांबतोच आहे.

आता तुमच्या बारा पानांकडे येते. ‘मी वाचत नाही’ हे वाक्य तुम्हाला सगळ्यात जास्त लागलं हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं. मलाही एकेकाळी ते उद्धट वाटायचं.

मग मी जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्कीची गोष्ट ऐकली. त्याची ‘बॅबिलॉन 5’ ना ॲनिमेशन होती ना सुपरहिरोंची, पण चाहत्यांशी रोज बोलणारा तो पहिल्या काही क्रिएटरांपैकी. नव्वदच्या दशकात एका चाहत्याने सहज गप्पांमध्ये एक कल्पना मांडली. ती स्ट्रॅझिन्स्कीच्या डोक्यात आधीपासून असलेल्या एका भागाशी जुळत होती. झालं, तो भाग बाजूला ठेवावा लागला. पुढे त्या चाहत्याने नोटरीसमोर लिहून दिलं, की माझा यावर काही दावा नाही, तेव्हा कुठे तो भाग बनू शकला. तो भला माणूस होता म्हणून. नसता, तर ती गोष्ट पडद्यावर आलीच नसती.

यामागचा हिशेब साधा आहे. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती कशी मांडली यावर असतो. पण चोरीचा दावा झाला की दोन गोष्टी तपासल्या जातात: दोन कलाकृतींत ठळक साम्य आहे का, आणि दुसऱ्याने पहिली कलाकृती पाहिली असण्याची शक्यता होती का. सुपरहिरोंच्या कथांमध्ये साम्य शोधायला वेळ लागत नाही. हरवलेला साथीदार परत येतो, तो बदललेला असतो, आधी शत्रू वाटतो. तुमच्या बारा पानांत यातलं काहीतरी असणारच, आणि त्या मालिकेच्या पुढच्या सीझनच्या कागदांतही असेल. क्रिएटरने तुमची कथा वाचली नसेल, तर दुसरा प्रश्न तिथेच निकालात निघतो. वाचली असेल, तर कदाचित त्याला स्वतःचाच लिहिलेला भाग काढून टाकावा लागेल. म्हणजे तुम्हाला ज्या पात्राचं पुनरागमन हवंय, ते तुमच्याच पत्रामुळे रद्द होऊ शकतं. हे मी घाबरवायला सांगत नाही. आमच्याकडे असं एकदा झालं आहे. एक अख्खा उपकथानकाचा धागा आम्ही कापला, कारण लिहायला घेऊन दोन आठवडे झाले असताना एका उत्साही चाहत्याचं पत्र आमच्यातल्या एका शिकाऊ लेखकाने उघडून वाचलं आणि जेवणाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. तो बिचारा आनंदाने सांगत होता, ‘बघा, लोकांना पण हेच हवंय!’ समोरच्या माणसाचा हातातला घास तसाच राहिला.

तर इथवरचं थोडक्यात: ‘पुढे काय’ हे तो सांगू शकत नाही, आणि ‘हे घ्या’ म्हटलेलं तो घेऊ शकत नाही. मग चाहत्यांसमोर बसून तो करतो काय?

इथे माझी एक फजिती सांगते. आमच्या नायिकेच्या डाव्या मनगटात एक पट्टा होता. तिची शक्ती जागी झाली की त्या पट्ट्याभोवती निळसर तेज यायचं. एका भागात, गच्चीवरच्या मारामारीत, एका शॉटमध्ये ते तेज नव्हतं. चार सेकंदांचा शॉट. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 96 फ्रेम. एकेक चित्र दोन फ्रेम टिकतं असं धरलं, तर 48 चित्रं, आणि त्या प्रत्येकावर तेजाचा वेगळा थर यायला हवा होता. तो स्टुडिओकडून राहून गेला. आम्ही रिटेकच्या खोलीत बसून ते पाहिलं होतं. यादी सहा पानी होती. एका शॉटमध्ये खलनायकाचे ओठ हलत होते आणि आवाज नायकाचा होता, एकीकडे पायऱ्या उतरणाऱ्या माणसाचा पाय जिन्यात रुतत होता. पैसे होते मोजक्या रिटेकपुरते. पट्ट्याच्या ओळीसमोर दिग्दर्शकाने पेन्सिलने फुली मारली. ‘कोण बघतंय,’ तो म्हणाला.

चौदा वर्षांची एक मुलगी बघत होती. प्रश्नोत्तरांत ती उभी राहिली, हातात वही. तिने विचारलं, “गच्चीवर तिचा पट्टा विझला होता. दोन भागांनंतर ती म्हणते की आपल्याला थकल्यासारखं वाटतंय. म्हणजे तिची शक्ती तेव्हापासूनच जायला लागली होती का?” सभागृहात शांतता. प्रश्न इतका सुंदर होता की मला खरं सांगवेना. मी हसले आणि म्हणाले, “तुझं लक्ष फार बारीक आहे.” बस्स. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. टाळ्या पडल्या.

महिन्याभरात ती गोष्ट चाहत्यांमध्ये पक्की झाली. गच्चीवर शक्ती जायला लागली. पुढच्या सीझनमध्ये आमच्या एका लेखकाने, ज्याला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, शक्ती जाण्याचं कारण पूर्ण वेगळं लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. भाग आला आणि पत्रं सुरू झाली. ‘तुम्हीच तर सांगितलं होतं.’ ‘तुम्ही मालिकेशी प्रामाणिक नाही.’ त्या मुलीचंही पत्र होतं, सगळ्यांत सभ्य. तिने फक्त विचारलं होतं, की तिच्या वहीतली नोंद खोडायची का.

मी तिला खरं कळवलं. रिटेक म्हणजे काय, सहा पानं, फुली, सगळं. त्यावर तिचं आलेलं उत्तर मी अजून जपून ठेवलंय. ती रागावली नव्हती. उलट तिला हे जास्त आवडलं होतं. तिने पुढचे तीन प्रश्न विचारले, तिन्ही रिटेकबद्दल.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. पहिली, क्रिएटरचं तोंडी उत्तर हा पडद्यावरचा भाग नसतो, आणि तसं वाटू देणं ही आमची चूक. ‘गार्गॉइल्स’ या आपल्या आधीच्या मालिकेच्या चाहत्यांना नव्वदच्या दशकापासून वर्षानुवर्षं उत्तरं देणाऱ्या वाइसमनने यासाठी एक छान शब्दप्रयोग वापरला होता: ‘कॅनन-इन-ट्रेनिंग’. कॅनन म्हणजे मालिकेतलं अधिकृत सत्य, आणि हे उमेदवारी करणारं सत्य. डोक्यात आहे, ठरलेलं आहे, पण पडद्यावर किंवा कागदावर येत नाही तोवर बदलू शकतं. मी तो शब्द उसना घेतलाय आणि आता प्रत्येक कार्यक्रमात वापरते. दुसरी गोष्ट, घडून गेलेल्या निर्णयाबद्दल कुणी विचारलं, तर आम्ही बोलायला किती आसुसलेले असतो! वर्षभर आम्ही दोन सेकंदांसाठी भांडतो. पात्राने वळून बघायचं की नाही, यावर अर्धा दिवस जातो. हे कुणी विचारतच नाही. सगळे विचारतात, ‘पुढे काय?’

तुम्ही न मागितलेली तिसरी गोष्ट म्हणजे ही. आणि तुमच्या पात्राच्या बाबतीत ती मागायला जागा आहे, कारण तुम्ही मालिका बारकाईने पाहिली आहे हे तुमच्या लिहिण्यातून कळतं. ‘ते परत येईल का’ असं विचारण्याऐवजी त्याच्या शेवटच्या दृश्याबद्दल विचारा. त्या दृश्याला निरोपाचा संवाद नव्हता, असं तुम्ही लिहिलंय. ते मुद्दाम होतं का? आधीच्या खर्ड्यात होता का? कुणी काढला? शेवटचा प्रश्न कदाचित टाळला जाईल, पहिले दोन बहुधा नाही.

एका वेळी एकच विचारा, हे मात्र मनावर घ्या. पाच पोटप्रश्नांचं पत्र आलं की आम्ही त्यातला सगळ्यात सोपा उचलतो आणि बाकीचे सोडून देतो. कबूल करायला लाज वाटते, पण करतो. आणि प्रश्नात स्वतःचा सिद्धांत गुंफू नका. ‘तो गुप्तपणे खलनायकाकडे गेलाय, कारण चौथ्या भागात त्याची अंगठी दिसत नाही, बरोबर ना?’ असं विचारलं, की उत्तर ‘हो’ असो वा ‘नाही’, आम्ही अडकलो. अंगठीबद्दल विचारा. अंगठीचं उत्तर कदाचित सहा पानी यादीत सापडेल, कदाचित खरंच काहीतरी असेल आणि समोरचा माणूस थोडा जास्तच वेळ घेईल बोलायला. त्या वेळ घेण्यातून हुशार चाहत्यांना बरंच कळतं. मी काही बोलले नाही.

आता तुमचा मूळ आरोप: ऐकतात की देखावा? ऐकतो. पण तुम्हाला वाटतं तसं नाही. तुम्ही सुचवलेला उपाय आम्हाला घेता येत नाही. तुम्हाला काय टोचलं ते मात्र आमच्यापर्यंत पोचतं आणि राहतं. एखाद्या पात्राबद्दल वीस लोकांनी वीस वेगळ्या गोष्टी विचारल्या, तर त्या वीस गोष्टी आम्ही विसरतो. वीस जणांनी त्याच्याबद्दल विचारलं हे विसरत नाही. हार्ली क्विन 1992 मध्ये बॅटमनच्या ॲनिमेटेड मालिकेत एका भागापुरती आली होती, जोकरच्या टोळीतली एक म्हणून. ती परत आली, मग पुन्हा आली, मग कॉमिक्समध्ये गेली, आणि आज तिच्या स्वतःच्या नावाची मालिका आहे. तिला घडवणाऱ्या पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांना ती आवडली होती आणि तिला आवाज देणाऱ्या आर्लीन सॉर्किनच्या आवाजात जान होती हे खरं, पण बघणाऱ्यांना ती नको असती तर ती त्या एका भागातच राहिली असती. तिला परत कसं आणायचं हे कुणा चाहत्याला सांगावं लागलं नाही.

आमच्या त्या मान डोलवणाऱ्या मैत्रिणीचंही असंच झालं. हेर असल्याचा सिद्धांत आम्ही वापरला नाही, वापरूही शकत नव्हतो. पण इतके लोक तिच्याकडे बघताहेत हे कळल्यावर पुढच्या सीझनला मी तिच्यासाठी आवाजाचे पैसे भांडून मिळवले. बैठकीत मी चाहत्यांची पत्रं नेली नव्हती, फक्त त्यांची संख्या नेली होती. हिशेबनिसाला कथा आवडत नाही, आकडा आवडतो.

तुमची बारा पानं टाकून देऊ नका. पण ती कुणाला पाठवूही नका. त्यातली नावं, शक्ती, शहर, पोशाख बदला आणि मग काय उरतं ते बघा. काही वेळा काहीच उरत नाही, तेव्हा समजायचं की ती त्या मालिकेवरची माया होती, आणि त्यात काही वाईट नाही. काही वेळा तीन-चार पानं उरतात. ती तुमची. मी ज्या लेखकांबरोबर काम करते त्यांतल्या निदान दोघांनी सुरुवात अशाच उरलेल्या पानांनी केली. त्यांनी ती पानं आम्हाला दाखवली ती नोकरी मागताना, रीतसर, स्वतःच्या पात्रांसह, पुढे दावा करणार नाही अशा सहीच्या कागदासकट. तेव्हा आम्ही सगळी वाचली.

पुढच्या खेपेला त्या क्रिएटरशी गाठ पडली, तर प्रश्न साधारण असा लिहून पाहा: “दुसऱ्या सीझनमध्ये अमुक पात्र शेवटचं दिसतं तेव्हा ते दारात उभं राहतं, वळतं आणि काहीच न बोलता जातं. तिथे संवाद नसावा हे पटकथेतच ठरलं होतं की नंतर?” एवढंच. सोबत काही जोडू नका, आणि पात्राचं नाव नीट तपासून लिहा. घाईत लोक चुकीचं नाव लिहितात आणि आम्ही भलत्याच पात्राबद्दल दहा मिनिटं बोलत बसतो.